बैलाने घेतलेलं वळण

माझी बायको म्हणते, "तुम्हाला बीपी नाही, शुगर नाही. तुम्हाला एकच आजार आहे, हेवा." शेजाऱ्यांचा कढीपत्ता आमच्यापेक्षा दाट झाला तरी माझं जेवणात लक्ष लागत नाही, हे तिने पुष्कळदा पाहिलं आहे. मी वाद घालत नाही. या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहायला बसलो, दोन पानं लिहून झाली आणि लक्षात आलं की लिहिलं ते सगळं कुणा ना कुणाच्या हेव्याचंच आहे. मग म्हटलं, तेच लिहू. बदल्या, बढत्या आणि निरोपसमारंभातला नारळ यात वाचणाऱ्याला काय गोडी असणार?

मी शेतीखात्यात होतो. आधी कृषी सहायक, शेवटी पर्यवेक्षक. जवळजवळ सगळी नोकरी हिंगोली जिल्ह्यात झाली आणि त्यातली बरीचशी औंढा नागनाथ तालुक्यातल्या उतारांवर. शेतीखातं म्हटलं की लोकांना बियाणं आठवतं, खत आठवतं, फवारणी आठवते. माझं काम त्याच्याही आधीचं होतं. माती जागेवर ठेवायची आणि पावसाचं पाणी तिच्यात मुरवायचं.

या कामाची अडचण अशी की ते जमलं तर काहीच घडत नाही. गुरांच्या डॉक्टरने अडलेली गाय सोडवली की घरचे लोक त्याच्या पाया पडतात. बांधकामवाल्यांचा पूल येता-जाता दिसतो. आमचा बांध नीट झाला तर मोठा पाऊस येऊन जातो, माती होती तिथेच असते, आणि शेतकरी म्हणतो, यंदा पाऊस बेताचाच झाला. मी त्या गुरांच्या डॉक्टरवर किती वर्षं जळत होतो ते त्याला माहीत नाही. आता तो वाचेल तर वाचो.

थोडं काम समजावून सांगतो. आमच्याकडे जमीन वरच्या अंगाला मुरमाड आणि खाली काळी. उतारावरून पाणी पळत सुटलं की वरची चांगली माती घेऊन जातं. म्हणून उताराला आडवा मातीचा बांध घालायचा. तो अगदी सपाट ठेवला तर काळ्या जमिनीत पाणी तुंबतं आणि बांध फुगून फुटतो. म्हणून नाल्याच्या बाजूला त्याला अगदी किंचित ढाळ द्यायचा, चालणाऱ्याला कळणार नाही इतका. शेवटी दगडाचा सांडवा करायचा, म्हणजे जास्तीचं पाणी शहाण्यासारखं बाहेर पडतं. बांध जेसीबी घालतो, त्यात विशेष काही नाही. सगळी कला रेषेत आहे. बांध कुठून जाणार ती रेषा आधी जमिनीवर आखायची आणि तिच्यावर चुन्याची फक्की मारायची.

रेषा आखायला आमच्याकडे नळी असे. दोन खुणा केलेल्या काठ्या आणि त्यांच्यामध्ये पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेला थांबलं की दोघांचे पाय एकाच पातळीवर. मग हवा तेवढा ढाळ धरायचा आणि पुढे सरकायचं. उन्हाळ्यात दिवसभर हे करून मान मोडायची, पण मला ते काम आवडायचं. पांढरी फक्की डोंगराच्या कुशीतून सरळ निघाली की मी लांब उभा राहून बघत बसायचो.

सरळ रेषेचं वेड मला घरातून आलेलं. आम्ही औंढ्याचे, घर देवळाच्या सेवेतलं. वडील पिंडीवर भस्माचे तीन पट्टे ओढायचे तेव्हा मी शेजारी तबक धरून उभा असायचो. पट्टा जरा वाकडा गेला की वडील ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ओढायचे. देव काही म्हणत नसे, वडीलच म्हणायचे, "वाकडं चालत नाही." मीही पुढे नोकरीत तेच केलं. बांधावर चुकलेली फक्की मी बुटाने पुसायचो. त्या बुटाचीच ही गोष्ट आहे.

शिरड शहापूरहून आत गेलं की उतारावर एक तांडा आहे. तिथे थावरू नायक राहायचा. तांड्याचा नायक, वय तेव्हाच साठीच्या पुढे, डोक्याला तांबडा पटका, अंगाने काटक. त्याच्या आज्याने लहानपणी शेवटची लदेणी पाहिली होती. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्याच्या, मिठाच्या गोणी लादून मुलूखभर फिरायचं. तो धंदा केव्हाच बसला, माणसं शेतकरी झाली, पण नायकाच्या बोलण्यात लदेणी कालचीच असायची.

आमची पहिली भेट मला नीट आठवते. तांड्याच्या वरच्या उतारावर मी नळी घेऊन घामाघूम झालो होतो. नायक बांधावर उकिडवा बसून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "सायब, नळीतलं पानी बराबर सांगतंय. पन बैलाला इचारलं का?"

मला वाटलं म्हातारा मस्करी करतो आहे. दुसऱ्या दिवशी तो खरंच बैल घेऊन आला. लाल कंधारी, नाव तांब्या. दोन्ही अंगांना जवारीची एकेक गोणी, सारख्या वजनाची. कासरा सैल सोडून दिला आणि नाल्याच्या दिशेने त्याला उतारावर आडवा चालवला. तांब्या सावकाश निघाला. चढ आला की खाली वळायचा, खाली फार गेला की वर सरायचा. नायक मागून चालत त्याच्या खुरांच्या ठशांवर चिमूट चिमूट फक्की टाकत होता.

"भरलेला बैल चढ टाळतो," नायक म्हणाला, "अन् उतारबी टाळतो. गोनी पुढं सरकती ना. म्हून तो मधली वाट काढतो. अन् पानवठा खाली हाय त्याला ठाव हाय, म्हून जरासा तिकडं झुकतो. रिकामा बैल काही कामाचा न्हाई. रिकामा बैल सरळ चढून जातो. त्याला सरळ वाटच गोड लागती."

मी नळी लावून ती फक्की तपासली. हसायची तयारी ठेवूनच तपासली. रेषा आमच्या हिशोबाला उतरत होती, ढाळसुद्धा. काही ठिकाणी दोन-चार बोटांचा फरक, तेवढा तर माझ्या नळीतही पडायचा. मी म्हणालो, "ठीक आहे." एवढंच म्हणालो. घरी येऊन बायकोला सांगितलं नाही. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

पुढची काही वर्षं माझी जी जळफळ झाली ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पावसाने दडी मारली की उभ्या सोयाबीनमध्ये तण काढायचं कोळपं चालवताना त्याला दोरी गुंडाळायची, म्हणजे ओळींमध्ये सऱ्या पडतात. मग येईल तो पाऊस त्या सऱ्यांत मुरतो आणि ओल टिकते. सोपी गोष्ट आहे. मी ती गावोगाव मारुतीच्या पारावर बसून सांगायचो, तक्ते दाखवायचो. लोक तंबाखू मळत ऐकायचे, "व्हय, व्हय" म्हणायचे आणि घरी जायचे. तांड्यात मात्र ते आधी नायकाला विचारायचे, "सायब म्हनून राहिले ते करावं का?" नायक म्हणायचा, "करा." दुसऱ्या दिवशी सगळ्या कोळप्यांना दोऱ्या. म्हणजे माझा सल्ला, माझे तक्ते, माझा घसा, आणि शब्द त्याचा. एकदा तर एकाने मलाच सांगितलं, "सायब, नायकानं लई भारी आयडिया काढली, कोळप्याला दोरी बांधायची." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

कुणी नवीन बांध घालायचा ठरवलं की अर्ज माझ्याकडे यायचा आणि गोणी तांब्यावर चढायची. तांड्याच्या वरचा तो पहिला बांध तर तांड्यात "तांब्याचा बांध" म्हणूनच ओळखला जायचा. आखणीच्या कागदावर सही माझी होती. तरी बांध बैलाचा.

नायक माझ्याशी कधी वाईट वागला नाही. चहा द्यायचा, "तकलीफ झाली का सायब उन्हाची?" म्हणून विचारायचा. त्याने एकदा तरी तोरा दाखवला असता तर मला त्याचा राग करता आला असता. तीही सोय त्याने ठेवली नव्हती.

तांड्याच्या खालच्या अंगाला गयाबाईचं शेत. ही खालच्या गावची. नवरा गाडीवर असायचा, शेत तीच बघायची. दोन एकर हळद, आणि हळद अशी करायची की वसमतच्या बाजारात तिचं पोतं ओळखू यायचं. तिच्या शेताच्या वर एक नवा बांध मंजूर झाला. वरच्या सगळ्या उताराचं पाणी तिच्या हळदीवर यायचं, ते अडवायचा हा बांध. तिने साहजिकच नायकाला बोलावलं आणि मलाही. बोलावलं त्याच क्रमाने.

तांब्या तेव्हा थोराड झाला होता. गोण्या चढवल्या, निघाला. अर्धा उतार नीट गेला आणि मग एका जागी थबकला. माती हुंगली, पाय मागे घेतला, आणि सरळ जायचं सोडून वरच्या अंगाने मोठा वळसा घालून पुन्हा खाली आला. नायक त्याच्यामागे फक्की टाकत गेला. डोंगराच्या कुशीतून आलेली सुंदर पांढरी रेघ, आणि तिला मध्येच हे पोट सुटलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"तितं त्याला जमीन आवडली न्हाई," नायक म्हणाला. "पाय धसून राहिला असंल. लदेनीत भरलेला बैल थांबला की मानसानं पुढं जायचं न्हाई, अशी चाल हाय आमची."

मी त्या जागेवर उभा राहिलो. बूट आपटून पाहिले. जमीन तर जमिनीसारखीच होती. वर्षानुवर्षं नांगरून सपाट झालेली, ओघळ नाही, खड्डा नाही. नळी लावली. नळीप्रमाणे रेषा सरळ जाऊ शकत होती, पातळी जुळत होती. आणि मला, खरं सांगतो, इतका आनंद झाला. चुकला. बैल चुकला. किती वर्षं मी याची वाट पाहत होतो.

नायक गोण्या उतरवून तांड्याकडे गेला. मी थांबलो आणि ते वळण बुटाने पुसलं. पुसता पुसता वडिलांची आठवण झाली, तेही खरं. सरळ रेघ ओढून तिच्यावर नवी फक्की मारली. गयाबाई पाटीत भाकर घेऊन आली ती बघत उभी राहिली.

"सायब, काहून पुसून राहिले ते?"

"रेघ सरळ करतोय, बाई. वाकडी दिसते."

"पानी काय बघायला येतंय का, सरळ हाय का वाकडी?"

मी तिला मोजमाप समजावून सांगितलं. शिकलेला माणूस समजावू लागला की समोरचा गप्प बसतो, तशी ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला आणि माझ्या रेघेवर बांध झाला. लांबून फार देखणा दिसायचा.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. गणपती बसले आणि एक दिवस सकाळपासून कोसळायला लागला. दुपारी फोन आला. मी अंगावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन मोटारसायकलवर निघालो. वाटेत मनात एकच धावा चालला होता की दुसरीकडे कुठेही फुटू दे.

बांध बरोबर त्याच जागी फुटला होता. मी सरळ केला त्या जागी, दाराएवढं भगदाड. कडेला उभं राहिलं की आतली माती दिसत होती, आणि ती माती वेगळ्या रंगाची होती. खाली जुना ओघळ होता. कुणीतरी केव्हातरी गाळाने भरून, नांगरून बुजवलेला. वर जमीन सपाट, खाली पोकळ माती. बांधाचं वजन पडलं, पाणी आलं आणि तो भाग खचला. नळीला हे कळायला मार्ग नव्हता, नळी फक्त वरची पातळी बघते. दोन गोण्या पाठीवर घेतलेल्या बैलाच्या खुराला ते कळलं होतं.

खाली गयाबाई हळदीत उभी होती. अर्धी हळद मुळापासून उपटून वाहून गेलेली, राहिलेल्या वाफ्यांत कोवळे गड्डे उघडे पडलेले. ती एकेक गड्डा उचलून पाटीत टाकत होती. माझ्याकडे तिने पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून साहेब आले. बांधावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. नायकही आला होता, पटका नीट बांधून. साहेबांनी भगदाड पाहिलं, फोटो काढायला लावले आणि विचारलं, "आखणी कुणाची?"

मला उत्तर तयार करून ठेवावं लागलं नाही. ते आपोआप आलं, इतकं आत तयार होतं. मी म्हणालो, "साहेब, इथली पद्धत आपल्याला माहीत नसेल. इथे आखणी नायकाचा बैल करतो."

लोक हसले. साहेबही हसले. मग ते नायकाकडे वळले. "काय हो, खरंय का?"

त्या वेळी त्याने एक वाक्य बोलायला हवं होतं. वळण सायबानं पुसलं, एवढंच. गयाबाई दहा पावलांवर होती, तिने पाहिलेलं होतं. नायकाने माझ्याकडे पाहिलं. मी सांडव्याकडे पाहत होतो. मग तो म्हणाला, "व्हय सायब. बैल माझाच व्हता."

म्हटलं तर खरं होतं. ते म्हणून तो निघून गेला.

साहेबांनी मला समज दिली की सरकारी कामात असले प्रकार चालणार नाहीत, आणि प्रकरण मिटलं. गयाबाईला पंचनाम्यातून काय मिळायचं ते मिळालं, हळद काही मिळाली नाही. आणि मला मिळालं ते मी इतकी वर्षं मागत होतो. पुढच्या उन्हाळ्यात तांड्यातले तिघेजण बांधाच्या आखणीसाठी थेट माझ्याकडे आले. कुणी नायकाचं नाव काढलं नाही. पहिले पंधरा दिवस मला ते फार गोड लागलं, हे लपवत नाही.

मग पोळा आला. पोळ्याला तांड्यातले बैल सजून निघाले, मी मुद्दाम गेलो होतो. तांब्याला झूल घालून नायकाने रांगेत आणला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "सरका रं, इंजिनियर आला." सगळी रांग खिदळली. नायक वळला नाही. त्याने तांब्याच्या कपाळावरचं बाशिंग नीट केलं, रांगेतून त्याला बाहेर काढला आणि घराकडे घेऊन गेला. त्यानंतर तांब्याच्या पाठीवर त्याने कधी गोणी चढवली नाही. लोकांनी विचारलंही नाही, मग तो कशाला चढवेल?

मला वाटलं होतं, आता माझा हेवा संपेल. ज्याचा हेवा करायचा त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. पण तसं झालं नाही. बांधाचं ते भगदाड मी सरळ भरून घ्यायला माणसं पाठवली तर गयाबाईने त्यांना हाकलून दिलं. तिने स्वतः तांड्यातल्या चार बाया घेतल्या, तांब्याने घेतलं होतं त्याच वळणाने वरच्या अंगाला दगड रचून बांध फिरवला आणि त्याच्यावर गवताचे ठोंब लावले. फक्की केव्हाच वाहून गेली होती. वळण तिला पाठ होतं. मी कागदावर लिहिलं, "बांध दुरुस्ती पूर्ण," खाली माझी सही. तो बांध पुन्हा फुटला नाही. दोन वर्षांनी त्याचा फोटो जिल्ह्याच्या कृषी प्रदर्शनात लागला. हिरवंगार गवत, त्यातून फिरलेला बांध, खाली पिवळी पडू लागलेली हळद. नाव माझं. लोक फोटोसमोर उभे राहून म्हणायचे, "वा जोशी, इथे वळण घ्यायचं तुम्हाला कसं सुचलं?" मी हसायचो. त्या फोटोतल्या माणसाचासुद्धा मला हेवा वाटायचा, कारण तो मी नव्हतो.

तांब्या म्हातारा होऊन गेला. नायक त्यानंतर काही वर्षांनी गेला. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा बाजेवर पडून होता. सांगायचं म्हणून गेलो होतो आणि हळदीच्या भावावर बोलून परत आलो.

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. या उन्हाळ्यात पल्लवीचा फोन आला. ही आमच्या भागातली आताची कृषी सहायक, हुशार मुलगी, मला काका म्हणते. त्या पाणलोटातल्या सगळ्या जुन्या बांधांची नव्याने नोंद चालली होती, आणि जुने कागद कुणाला लागत नव्हते. "काका, एकदा येऊन दाखवता का?" मी लगेच तयार झालो. निवृत्त माणसाला बोलावणं आलं की तो चपला शोधत नाही.

गयाबाईच्या बांधावर पोचलो. गयाबाई आता सत्तरीकडे झुकली आहे, तरी हळद तिचीच, आवाजही तोच. पल्लवीने टॅब उघडला. ड्रोनने काढलेला उताराचा नकाशा होता, उंच-सखल भाग वेगवेगळ्या रंगांत. तिने बोटाने नकाशा मोठा केला आणि म्हणाली, "काका, हे बघा. इथून खाली जुना ओघळ सुरू व्हायचा, रंगात अजून थोडं जाणवतं. आणि बांध बरोबर त्याच्या वरच्या अंगाने फिरवलाय. त्या काळात ड्रोन नाही, काही नाही. हे कसं ओळखलं तुम्ही?"

मी म्हणालो, "अनुभव."

म्हटलं आणि जीभ चावली. पण शब्द गेला होता.

गयाबाई गवत कापत होती. ती उठली. विळा हातातच होता.

"सायब, तुमाला तांड्यात काय म्हनायचे, ठाव हाय का?"

"नाही."

"नायकच म्हनायचा. म्या त्याला एकदा इचारलं, तालुक्याच्या सायबाफुडं खरं काहून बोलला न्हाईस? तो बोलला, गयाबाई, सायब रिकामा बैल हाय. त्याच्यावर कधी वझं पडलंच न्हाई. रिकाम्या बैलाला सरळच जावं वाटतं, त्याच्यावर काय रागवायचं."

पल्लवीला काही कळलं नाही. ती एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मी बांधावर बसलो, त्या वळणावरच. मला नायकाचा इतका राग आला, आणि इतका हेवा वाटला. माझ्यासारख्या माणसावर न रागावता येणं हे मला नव्वद वर्षं जगूनही जमणार नाही.

मग पल्लवीला सगळं सांगितलं. बैल, गोण्या, वळण, बूट, साहेब, पोळा. ऐकताना तिने टॅब मांडीवर पालथा ठेवला होता. सांगून झाल्यावर तिने तो सुलटा केला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, आखणी करणाऱ्याचे नाव. जुन्या यादीवरून त्यात माझं नाव आधीच आलेलं होतं. ते तिने पुसलं. बोटाच्या एका टिचकीने पुसलं, बुटाची गरज पडली नाही.

"काय लिहू?"

"थावरू नायक."

"अन् तांब्या," गयाबाई म्हणाली.

पल्लवीने दोन्ही नावं लिहिली. मग गयाबाईने विचारलं, "अन् सायबाचं कुटं लिवनार?"

"पुसणाऱ्याचा रकाना आहे का गं त्यात?" मी पल्लवीला विचारलं.

"नाही काका. शेरा आहे फक्त."

"मग शेऱ्यात लिही. या ठिकाणचे वळण जोशी यांनी पुसले होते, त्यामुळे बांध फुटला."

तिने तसं लिहिलं. मी तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. गयाबाईने ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा गवत कापायला बसली.

पल्लवीने नोंद पाठवली आणि टॅब माझ्यापुढे धरला. वर नायकाचं नाव, त्याच्या शेजारी बैलाचं, आणि सगळ्यात खाली शेऱ्याच्या बारीक अक्षरांत माझं. घरी येताना सबंध वाटभर मला एकच गोष्ट खुपत राहिली. त्या कागदावर तांब्याचं नावसुद्धा माझ्या वर आलं होतं.